लॅबमधल्या वेगळ्या चुली

पडद्यावर काय लिहिलंय ते न वाचता "मॅडम, एरर आ गया" म्हणत येणाऱ्या माणसाला मी आजही दारात उभं करत नाही. भिलाईतल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी चोवीस वर्षं कॉम्प्युटर लॅबची इन्चार्ज होते. त्या चोवीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा बोललेलं माझं वाक्य म्हणजे "पहले पढ़ो". विद्यार्थ्यांना बोलले, प्राध्यापकांना बोलले, एकदा रायपूरहून आलेल्या तपासणीवाल्यांनाही बोलले. पोरं पाठीमागे मला मिर्ची मॅडम म्हणायची. म्हणू देत.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक म्हणाले, "सुनंदाताई, कॉलेजातले गमतीचे किस्से लिहा, वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे." किस्से पुष्कळ आहेत. पण मला ते आठवले की हसू येत नाही, डोक्याची शीर उठते. तरी लिहायला बसले, कारण त्यातला एक कधीच कुणाला सांगितलेला नाही.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लॅबमध्ये वीस मशिनी, दोन ओळींत. सगळ्यांवर लिनक्स. लिनक्स फुकट मिळतं, पण त्याची घराणी अनेक. पुढच्या दहा मशिनींवर उबुंटू होतं आणि मागच्या दहांवर फेडोरा. कावून? तर एका विभागप्रमुखाला उबुंटू आवडायचं, आणि त्याच्या जागी जे साहेब आले त्यांना आधीच्या साहेबांचं काहीच आवडायचं नाही. दोघंही नोकरी सोडून गेले आणि ही दोन घराणी माझ्या गळ्यात पडली. पुढच्या ओळीत चालणारा हुकूम मागच्या ओळीत चालायचा नाही. एकच धडा मी दोनदा शिकवायची, दोन वेगळ्या तऱ्हांनी, आणि पोरं विचारायची की मॅडम, पीछे वाली लाइन में तो हो गया, आगे क्यों नहीं हो रहा.

पोरांचे प्रोजेक्ट पायथन नावाच्या भाषेत असायचे. आता गोष्ट अशी की मशीन स्वतःच्या कामालाही पायथनच वापरते. सॉफ्टवेअर चढवणं, खिडक्या उघडणं, यातलं बरंच काम त्याच्यावर चालतं. म्हणजे ती घरातली मोठी चूल समजा, सगळ्या घराचा स्वयंपाक तिच्यावर. एका पोराच्या प्रोजेक्टला एका तऱ्हेची पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरची तयार गाठोडी, लागतात, दुसऱ्याला दुसरी, आणि दोघांचं आपसात पटत नाही. मोठ्या चुलीवर प्रत्येकानं आपापला प्रयोग केला तर घर उपाशी राहील. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टनं आपल्या फोल्डरमध्ये वेगळी चूल मांडायची. इंग्रजीत तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. आमच्याकडे सगळे व्हेनव म्हणायचे.

फेडोरावर ती एका ओळीच्या हुकमानं मांडली जाते. उबुंटूवर त्याआधी एक छोटं पॅकेज बसवावं लागतं. ते नसेल तर मशीन स्पष्ट सांगते की अमुक पॅकेज नाही, ते बसवायला हा हुकूम द्या. हुकूमसुद्धा लिहून देते, तुम्ही फक्त वाचायचं. आणि नेमकं तेच करताना लोकांच्या जिवावर येतं. लाल अक्षरं दिसली की हात वर, "मैडम, पाइथन खराब है."

दुसरी खोड पेन ड्राइव्हची. घरच्या लॅपटॉपवर मांडलेली चूल फोल्डरसकट उचलायची आणि लॅबमध्ये आणून ठेवायची. अरे, मातीची चूल अशी उचलून नेता येते का? त्या फोल्डरमध्ये घरच्या मशीनचा पत्ता लिहिलेला असतो. ती चूल इथं येऊन आपलं जुनं घर शोधते, ते सापडत नाही, आणि बंद पडते. न्यायची असते ती फक्त सामानाची यादी, कोणकोणती पॅकेजं लागतात त्याची. नव्या मशीनवर त्या यादीवरून नवी चूल मांडायची, दोन मिनिटांचं काम आहे. हे मी किती पोरांना समजावलं असेल याचा हिशेब नाही.

पोरांचं एक वेळ ठीक आहे. एक पाहुणे प्राध्यापक यायचे, स्वतःचा नवा लॅपटॉप घेऊन. नव्या उबुंटूवर मोठ्या चुलीला हात लावायला गेलं की मशीन अडवते, म्हणते ही जागा माझी, तुम्ही वेगळी मांडा. या गृहस्थांनी इंटरनेटवरून एक जोडशब्द शोधून काढला, तो हुकमाच्या शेवटी लावला की मशीन अडवत नाही. त्या शब्दाचा सरळ अर्थ "मशीन मोडली तरी चालेल" असा आहे. ते त्यांनी स्वतःच्या हातानं टाइप केलं, एंटर मारला, आणि आठवड्यानं लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे आले. मी म्हटलं, सर, मशीननं विचारलं मोडू का, तुम्ही म्हटलं मोड, आता माझ्याकडे कशाला आलात? ते विभागप्रमुखांकडे माझी तक्रार करून आले. दुरुस्त मीच करून दिला, पूर्ण दिवस घालवून.

या सगळ्यात माझ्या हाताखाली एकच माणूस होतं, वंदना रामटेके. ठेक्यावरची लॅब टेक्निशियन. राहायला दुर्गला, बोरसीत. वडील रेल्वेत होते, मूळचे भंडाऱ्याकडचे, म्हणून आमची बोली जुळायची. बाकी कॉलेजात हिंदी, आम्ही दोघीच असलो की घरची मराठी. मी तापट, ती थंड डोक्याची. मी ओरडून जे शिकवायची ते ती नंतर जाऊन हळू आवाजात परत शिकवायची, आणि पोरांना तेच कळायचं. हे मला तेव्हा फारसं आवडायचं नाही.

वंदनाची एक सवय होती. दर शुक्रवारी ती प्रत्येक पोराकडून त्याच्या प्रोजेक्टची सामानाची यादी मागून घ्यायची आणि सर्व्हरवर ठेवायची. त्यातली पॅकेजंही ती दोन्ही घराण्यांच्या मशिनींसाठी उतरवून ठेवायची, म्हणजे नेट गेलं तरी अडू नये. मी एकदा म्हटलं, "कशाले येवढी मरून राहिली? तुले कोणी सांगतलं हे?" ती म्हणाली, "मॅडम, पोरं विसरते. आपण ठेवलं म्हंजे बरं राह्यते." मी विषय सोडून दिला.

आता तो शनिवार.

सोमवारपासून शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं, बाहेरून परीक्षक येणार. परीक्षेच्या तोंडावर ठेक्यावरच्या माणसाला रजा नाही, असा कॉलेजचा नियम. दुपारी तीन वाजता वंदना माझ्या टेबलाशी आली. तिच्या सासूच्या हाताचं प्लास्टर काढायचं होतं, डॉक्टरनं शनिवारचीच वेळ दिली होती, घरात दुसरं कोणी न्यायला नव्हतं. "जाऊ का मॅडम? काम तं सगळं झालं हाये." काम खरंच झालं होतं. मी म्हटलं जा.

आमच्याकडे अशा वेळी एक पद्धत होती, आणि ती फक्त माझी नव्हे, सगळ्या विभागांत होती. माणसाला तोंडी सोडायचं आणि संध्याकाळी रजिस्टरमध्ये त्याची जाण्याची सही आपण करायची. साडेपाच. सगळे करायचे. कुणाला त्यात खोटं वाटायचं नाही, उलट माणुसकी वाटायची. मीही केली. तिची सही मला चांगली येत होती.

वंदना गेली आणि मला प्राचार्यांकडे परीक्षेच्या बैठकीला बोलावलं. आमचे तेव्हाचे विभागप्रमुखही बैठकीत होते, ते मधूनच उठून गेले. पाचला मी लॅबमध्ये परतले तर साहेब माझ्या खुर्चीवर, माझ्या मशीनसमोर. मला पाहून उठले, हसले. "मैडम, थोड़ा अपडेट मार दिया है. व्हेनव नहीं बन रहा था आगे वाली लाइन में, पाइथन ही करप्ट था. अब मंडे को मक्खन चलेगा."

इथं माझ्या चुका सांगते, सगळ्यात मोठी पुढे येईल. पहिली ही की लॅबमध्ये सगळ्यांचं खातं एकच होतं, त्याचं नाव लॅब, आणि पासवर्डही सगळ्यांना पाठ. कधीकाळी मी प्रत्येकाला वेगळं खातं दिलं होतं, पण पासवर्ड विसरणाऱ्यांच्या रांगा लागायला लागल्या आणि मी वैतागून सगळं एक करून टाकलं. दुसरी ही की वीस मशिनींना एकदम हुकूम सोडायची एक सोय मी माझ्या मशीनवर करून ठेवली होती. त्यात "खरंच करू का" हा प्रश्न मशीन विचारणार नाही, अशीही व्यवस्था केली होती, वेळ वाचावा म्हणून. आणि त्या दिवशी साहेबांचं बोलणं ऐकून मला राग आला, पण मी तपासलं नाही. शनिवारची संध्याकाळ होती. रजिस्टरमध्ये सह्या केल्या आणि घरी गेले.

सोमवारी नऊ वाजता वंदनानं पुढची ओळ चालू केली. दहाच्या दहा पडदे काळे. वर कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नाव विचारत होते, बाकी काही नाही. मी हुकमांची नोंद उघडली. शनिवारी चार वाजून वीस मिनिटं, खातं लॅब, हुकूम असा की पायथन काढून टाका. पुढच्या ओळीतल्या एका मशीनवर ते छोटं पॅकेज बसवायचं राहिलं होतं, तिनं ते मागितलं होतं. तेवढं द्यायचं सोडून या शहाण्यानं मोठी चूलच उखडली, नवी बसवू म्हणून. आणि पायथन निघालं तेव्हा त्याच्यावर टेकलेलं सगळं निघालं, खिडक्या, मेन्यू, सगळं. नवी बसवणं साहेबांना तर जमलंच नाही. तोच हुकूम मागच्या ओळीतही गेला होता, पण ती बोली उबुंटूची, फेडोराला कळलीच नाही, म्हणून ती ओळ वाचली.

दहा वाजता परीक्षा. पुढची ओळ उभी करायला नेटवरून उतरवण्यातच अर्धा दिवस जाणार. मी डोक्याला हात लावून बसले होते. वंदना म्हणाली, "मॅडम, मागची लाइन धडधाकट हाये. दहा-दहाच्या दोन बॅचा करू."

"अन् प्रोजेक्ट? सगळ्यायनं पुढच्या लाइनीत बनवले."

"कोड तं जाग्यावर हाये. अन् याद्या हायेत ना माह्याकडं."

तिनं काळ्या पडद्यावरून एकेकाचा कोड मागच्या ओळीत नेला. तीनचार हुशार पोरांनी आपलं व्हेनवचं फोल्डरच पेन ड्राइव्हवर आणलं होतं, ते फेडोरावर अर्थातच चालेना. जामुलची एक मुलगी रडायला लागली, कारण तिची नोकरी या प्रॅक्टिकलवर अडली होती. वंदनानं तिच्या नावाची यादी काढली, नवी चूल मांडली, प्रोजेक्ट चालवून दाखवला आणि म्हणाली, "चल गया ना? अब पानी पी ले." वीसच्या वीस पोरांची परीक्षा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झाली. परीक्षकाला फक्त एवढंच कळलं की मशिनी कमी आहेत. मी चोवीस वर्षांत इतकं नेटकं काम दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही, माझंसुद्धा नाही.

बुधवारी चौकशी बसली. दहा मशिनी कुणी बिघडवल्या? समितीत तिघं, प्राचार्य, ऑफिसचे मोठे बाबू, आणि आमचे विभागप्रमुख साहेब. ज्यानं केलं तोच पंच. मले आजही लिहिताना राग येऊन राहिला.

नोंदीत खातं लॅब, म्हणजे कुणीही असू शकतं. मग बाबू म्हणाले, हजेरी देखो. रजिस्टर आलं. शनिवारी चार वाजता मी बैठकीत, प्राचार्य स्वतः साक्षी. साहेब म्हणाले, मी बैठकीतून उठून केबिनमध्ये फाइल पाहत होतो. उरली एक. वंदना रामटेके, जाण्याची वेळ साडेपाच, पुढे सही.

रिकाम्या लॅबमध्ये साहेब स्वतः तासभर बसले होते. वंदना तिथं नव्हती हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे ती सही खोटी आहे आणि ती कुणी केली असणार, हेही त्यांना कळलं होतं. रजिस्टर उघडल्यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

आधी वंदनाला आत बोलावलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. प्राचार्यांनी रजिस्टर तिच्यापुढे केलं. "शनिवार को चार बजे आप लैब में थीं?"

तिनं सही पाहिली. माझं अक्षर ती रोज पाहायची, तिला कळायला वेळ लागला नाही. एकदा माझ्याकडे पाहिलं, मग प्राचार्यांकडे.

"जी, थी."

"मशीन को किसने हाथ लगाया?"

"मुझे नहीं मालूम, सर."

तिला बाहेर थांबायला सांगितलं. मग माझी पाळी. प्राचार्यांनी विचारलं, "मैडम, आपको कुछ कहना है?"

मी ती, जी पाहुण्या प्राध्यापकाला बोलली, तपासणीवाल्यांना बोलली. माझ्या निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष होतं. खोटी हजेरी लावली म्हणून काढून टाकलेली एक बाई मला माहीत होती. साहेबांचं नाव घेतलं तर पहिला प्रश्न येणार की वंदना कुठं होती, आणि दुसरा की मग ही सही कुणाची. हे सगळं डोक्यात फिरलं. मग म्हणाले, "रजिस्टर में जो है, वही है, सर."

साहेब लगेच म्हणाले, "कॉन्ट्रैक्ट स्टाफ है, सर, हो जाती है गलती. ज़्यादा तूल न दें." मोठ्या मनाचा माणूस. प्राचार्यांनी मान हलवली. ठेकेदाराला कळवलं गेलं की या टेक्निशियनची आता गरज नाही. तिच्या कागदावर निष्काळजीपणा असा शब्द पडला, आणि तो कागद पाहून पुढच्या दोन कॉलेजांनी तिला परत पाठवलं, हे मला नंतर कळलं.

पुढचं दीड वर्ष मी कॉलेजात रोज कुणावर ना कुणावर ओरडत होते. शुक्रवारच्या याद्या कुणी घेतल्या नाहीत. मी निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी भाषणात माझ्या शिस्तीचं कौतुक केलं, शाल पांघरली, आणि मी ती पांघरून घेतली.

यंदा पोळ्यानंतर मी बोरसीला गेले. पत्ता विचारत विचारत. वंदना आता घरीच शाळेच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवते, एका जुन्या मशीनवर. मला पाहून तिला आश्चर्य वाटलं असेल, पण खुर्ची दिली, सासूला हाक मारून सांगितलं की कॉलेजच्या मॅडम आल्या. चहा ठेवला. मी विचार करून आले होते, चारपाच वाक्यं जुळवून. त्यातलं पहिलंच धड निघालं नाही. मी म्हटलं, "वंदना, त्या दिवशी तू होती कावून म्हटलं? तू तं गेली होती."

ती चहा गाळत होती. थांबली नाही.

"तुमची सही होती मॅडम. मी नव्हती म्हटलं असतं तं तुमाले काढलं असतं." कप माझ्यापुढे ठेवला. "मले वाटलं, मी तुमाले वाचवलं, आता मॅडम आत मले वाचवतीन. मी बाहेर बाकावर बसून होती. दार उघडलं, तुमी आल्या, अन् माह्याकडं न पाहताच निघून गेल्या."

रागानं बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं, भांडणं मला येतं. ती साध्या आवाजात बोलली, पोरांना शिकवायची त्याच. मी चहा प्यायले. तो कसा होता ते आठवत नाही.

बसस्टॉपपर्यंत ती सोडायला आली नाही, आणि मी म्हटलंही नाही.

संपादकांना हे गमतीचं वाटणार नाही. त्यांनी वरचं काहीही कापलं तरी माझी हरकत नाही, फक्त एवढं छापावं. त्या शनिवारी दुपारी तीननंतर वंदना रामटेके लॅबमध्ये नव्हती. पाच वाजता माझ्या मशीनवरून विभागप्रमुख उठले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे जी सही आहे, ती माझ्या हातची आहे.